हॉबी मेटल डिटेक्टरची तुलना कशी करावी: नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने

दोन मेटल डिटेक्टरची माहितीपत्रके शेजारी ठेवली की नवखा माणूस मोड किती, आवाज किती, खोली किती हे मोजायला लागतो आणि ज्याचे आकडे मोठे त्या मशीनवर बोट ठेवतो. ही पद्धत सोडून द्या. तुम्ही कुठल्या जमिनीवर फिरणार आणि काय शोधणार हे आधी ठरले, की पत्रकातली निम्मी वैशिष्ट्ये आपोआप बाजूला पडतात आणि उरलेल्यांत नेमके काय पाहायचे ते कळते. पुढचे टप्पे त्याच क्रमाने लावले आहेत. घाईत असाल तर चौथा आणि सहावा टप्पा तरी नीट वाचा. पैसे वाया जातात ते बहुतेक तिथेच.

१. जागा आणि वस्तू कागदावर लिहा

एका बाजूला जागा लिहा: कोरडी बाग, नांगरलेले शेत, जुन्या वस्तीची जागा, समुद्राची ओली वाळू, नदीचे पात्र. दुसऱ्या बाजूला वस्तू: नाणी, अंगठ्या, जुनी अवजारे, सोन्याचे नैसर्गिक कण. मग प्रत्येक जागेपुढे तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. जमिनीत लोहखनिज किती? खिळे, पत्र्याचे तुकडे, बाटल्यांची झाकणे असा कचरा किती? पाण्यात उतरावे लागणार का?

लोहखनिजाचा अंदाज घ्यायला सोपी युक्ती आहे. एक जोरकस चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि कोरड्या मातीतून हळूहळू ओढा. पिशवीला काळ्या बारीक कणांची दाट दाढी चिकटली, तर तिथे साध्या मशीनला त्रास होणार. चिमूटभर कण आले तर फारशी काळजी नाही. मातीच्या नुसत्या रंगावर जाऊ नका, रंग बऱ्याचदा फसवतो.

२. तंत्र ओळखा: व्हीएलएफ की पल्स इंडक्शन

हॉबीसाठी विकली जाणारी बहुतेक मशीन व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रिक्वेन्सी) प्रकारची असतात. कॉइल म्हणजे दांडीच्या टोकाची, जमिनीवर फिरवायची तबकडी. तिच्यातली एक वेटोळी सतत बदलते चुंबकीय क्षेत्र सोडते. त्यामुळे जमिनीतल्या धातूत विजेचे भोवरी प्रवाह तयार होतात, त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र उमटते आणि दुसरी वेटोळी ते टिपते. परत आलेला संकेत किती जोरात आला आणि मूळ संकेताच्या किती मागे पडला, यावरून मशीन धातूचा अंदाज बांधते. लोखंड, ॲल्युमिनियमचा पातळ कागद, चांदीचे नाणे यांत फरक सांगता येतो तो या मागे पडण्यामुळे.

पल्स इंडक्शन म्हणजे पीआय मशीन वेगळ्या रीतीने चालते. ते विजेचे छोटे झटके देते आणि झटका थांबल्यावर धातूतला प्रवाह किती वेळात विरतो ते बघते. खारट वाळू आणि लोहखनिज याचा त्याला फारसा उपद्रव होत नाही, खोलीही चांगली मिळते. पण लोखंड वेगळे काढण्यात ते कच्चे असते, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक आवाजावर खणावे लागते. सोन्याचे खडे शोधणारे आणि समुद्रकिनाऱ्यावरचे मुरलेले लोक ते वापरतात. खिळ्यांनी भरलेल्या जुन्या वस्तीत पहिले मशीन म्हणून पीआय घेऊ नका.

इथे एक सावधगिरीही सांगतो. धातूचे नाव टाइप करा आणि शेकडो मीटरवरून सोने शोधा, असा दावा करणारी अँटेनावाली उपकरणे विकली जातात. ती काम करत नाहीत. असेच आत काही नसलेले अँटेनाचे उपकरण बॉम्बशोधक म्हणून विकणाऱ्या एका ब्रिटिश विक्रेत्याला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. खरा हॉबी डिटेक्टर कॉइलच्या खालचे, हातभराच्या आतले बोलतो, आणि ‘सोने’ असे कधीच ठामपणे सांगत नाही.

३. फ्रिक्वेन्सीचा आकडा वाचायला शिका

पत्रकात किलोहर्ट्झमध्ये दिलेला आकडा म्हणजे मशीनची कामाची फ्रिक्वेन्सी, म्हणजे चुंबकीय क्षेत्र सेकंदाला किती हजार वेळा बदलते ते. कमी फ्रिक्वेन्सी चांदी-तांब्यासारख्या चांगल्या वाहक आणि मोठ्या वस्तूंना अनुकूल असते. जास्त फ्रिक्वेन्सी बारीक, पातळ आणि कमी वाहक वस्तूंना पकडते, मात्र लोहखनिजाची कुरकुरही तिला जास्त ऐकू येते. गॅरेट कंपनीचे ऐस २५० हे ६.५ किलोहर्ट्झवर चालते, ऐस ३०० हे ८ वर, ऐस ४०० हे १० वर, एटी प्रो १५ वर. नोक्ताचे सिम्प्लेक्स प्लस १२ वर आहे. माइनलॅबचे गोल्ड मॉन्स्टर १००० थेट ४५ वर, कारण ते सोन्याच्या बारीक कणांसाठीच बनवलेले आहे. नाणी शोधणाऱ्याने गोल्ड मॉन्स्टर घेणे किंवा बारीक सोने शोधणाऱ्याने ऐस २५० घेणे, दोन्ही चूक. मशीन मात्र दोन्ही चांगली आहेत.

साधारण ८ ते १५ किलोहर्ट्झ हा मधला पट्टा सर्वसाधारण वापराला पुरतो.

आता सापळा. ‘मल्टी’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. काही मशीनमध्ये अनेक फ्रिक्वेन्सींपैकी एक निवडायची असते. माइनलॅब एक्स-टेरा प्रो मध्ये ५, ८, १० आणि १५ यांतली एका वेळी एकच चालते. दुसऱ्या प्रकारात अनेक फ्रिक्वेन्सी एकाच वेळी चालतात आणि मशीन त्यांची उत्तरे ताडून बघते. माइनलॅबची व्हँक्विश आणि इक्विनॉक्स मालिका, नोक्ता लेजंड, एक्सपी डिउस दोन, गॅरेट ऐस एपेक्स ही या प्रकारातली. ओल्या खाऱ्या वाळूवर हा फरक लगेच जाणवतो. खारे पाणी स्वतःच वीज वाहते, त्यामुळे एका फ्रिक्वेन्सीचे मशीन तिथे सारखे बडबडते आणि संवेदनशीलता खाली आणावी लागते. एकाच वेळी चालणाऱ्या अनेक फ्रिक्वेन्सी असतील तर मिठाचा परिणाम बराचसा वजा करता येतो. तुमच्या कागदावर समुद्र असेल तर हाच प्रकार घ्या. कागदावर फक्त कोरडी बाग असेल, तर त्यासाठी जादा पैसे मोजायलाच हवेत असे नाही.

४. ग्राउंड बॅलन्स कसा आहे ते विचारा

विक्रीच्या पानावर हे वैशिष्ट्य तळाशी बारीक अक्षरांत असते, आणि माझ्या मते नवख्यांनी सर्वात आधी वाचावे असे हेच आहे. जमिनीतले लोहकणही कॉइलला उत्तर देतात. ते उत्तर वजा करणे म्हणजे ग्राउंड बॅलन्स.

साध्या मशीनमध्ये तो कारखान्यातच ठरवून दिलेला असतो. गॅरेटची ऐस ३०० आणि ४०० अशीच आहेत. सौम्य जमिनीवर त्याने काही अडत नाही. पण चुंबकाला दाट दाढी आली असेल, तर तिथे असे मशीन एकतर खोटे आवाज देत राहील किंवा चार-पाच बोटांच्या खालचे काही दाखवणार नाही, आणि तुम्हाला ते बदलताही येणार नाही. दुसऱ्या प्रकारात बटण दाबून, कॉइल जमिनीवर खालीवर करून मशीनला जमीन ‘दाखवता’ येते. तिसऱ्या प्रकारात मशीन चालता चालता स्वतःच जमिनीचा माग ठेवते, याला ट्रॅकिंग म्हणतात.

हाताने बॅलन्स करायची कृती अशी. धातू नसलेली हातभर जागा शोधा. कॉइल जमिनीला समांतर धरा, बटण दाबून ठेवा आणि कॉइल जमिनीपासून एक वीतभर उंचीपासून दोन बोटांपर्यंत खालीवर करा. घाई नको, एका लयीत. सुरुवातीला कॉइल खाली येताना घुमल्यासारखा आवाज येतो. तो हळूहळू विरत जातो आणि वर-खाली दोन्ही वेळा जवळजवळ सारखा ऐकू येऊ लागतो. तिथे बटण सोडा. जागा बदलली, शेत संपून ओढ्याची काठ लागली, तर पुन्हा करा. आवाज विरतच नसेल तर बहुधा खाली धातू आहे. दोन पावले सरकून पुन्हा बघा.

तुलना करताना प्रश्न एकच: बॅलन्स माझ्या हातात आहे का? जमीन कठीण असेल तर दोन-तीन जादा मोड सोडून द्या, पण हे सोडू नका.

५. कॉइलचा प्रकार आणि आकार

कॉन्सेंट्रिक कॉइलचे क्षेत्र खाली निमुळते होत जाते. त्यामुळे वस्तूची नेमकी जागा दाखवायला ती चांगली, पण लोहयुक्त जमिनीत लवकर गोंधळते. डीडी कॉइलमध्ये इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी एकमेकांवर थोडी चढवलेली असतात. तिचे क्षेत्र पुढून मागपर्यंत अरुंद पट्टीसारखे असते. लोहयुक्त जमीन तिला जास्त सोसते आणि एका झोक्यात जास्त जमीन झाकली जाते.

एकाच कंपनीच्या दोन मशीनच्या किमतीत फरक कशाचा, हे बघायला ऐस ३०० आणि ऐस ४०० चांगले उदाहरण आहे. ३०० ला ७ बाय १० इंची कॉन्सेंट्रिक कॉइल, ४०० ला ८.५ बाय ११ इंची डीडी. शिवाय नको म्हणून मशीनवर वगळलेल्या लोखंडाचाही आवाज ऐकण्याची सोय ४०० मध्ये आहे. पडदा जवळपास सारखा दिसतो, म्हणून लोक फोटो बघून ‘एकच आहे’ म्हणतात. कचरा असलेल्या जागी हा फरक मोलाचा आहे.

आकाराचे म्हणाल तर मोठी कॉइल थोडी खोल जाते पण शेजारच्या दोन वस्तू एकत्र ऐकवते; लहान कॉइल कचऱ्यातून वाट काढते. सुरुवातीला ९ ते ११ इंचांची पुरे. मात्र त्या मॉडेलसाठी लहान कॉइल सुटी मिळते का, एवढे आधीच बघून ठेवा.

६. पडद्यावरचा आकडा आणि कानातला आवाज

पडद्यावर येणारा टार्गेट आयडी म्हणजे धातूचे नाव नव्हे. वस्तूची वाहकता, आकार, जाडी, ती कशी पडली आहे, या सगळ्यांचा मिळून तो एक आकडा असतो. आणि प्रत्येक कंपनीची मोजपट्टी वेगळी. पहिल्या इक्विनॉक्सवर उणे ९ ते ४०, गॅरेट ऐस ३०० आणि नोक्ता सिम्प्लेक्स प्लसवर ० ते ९९. तेव्हा एका मशीनचा ‘२०’ आणि दुसऱ्याचा ‘२०’ यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

सर्वात महत्त्वाचे: सोन्याची अंगठी आणि पेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची ओढपट्टी बहुतेक मशीनवर एकाच पट्ट्यात येतात. कचरा नको म्हणून तो पट्टा बंद केलात की अंगठीही बंद झाली. बारीक सोनसाखळीचे तर आणखी कठीण, कारण मशीनला बहुधा अख्खी साखळी दिसत नाही, सुट्या कड्या दिसतात. उलट बाजूने, लोखंडाची मोठी सपाट पट्टी किंवा गंजलेले बाटलीचे झाकण चांगल्या नाण्यासारखा आकडा देऊ शकते. म्हणून ‘अचूक आयडी’ या दाव्यावर मशीन निवडू नका. आकडे किती बारीक वाटले आहेत, आणि हवा तेवढाच पट्टा बंद-चालू करता येतो का, ते बघा.

आवाजांचे प्रकार किती, यापेक्षा लोखंडाचा आवाज वेगळा ऐकू येतो का हे जास्त कामाचे. वगळलेले लोखंड पूर्ण गप्प झाले, तर आपण खिळ्यांच्या गालिच्यावर उभे आहोत हेच कळत नाही.

मग येतो रिकव्हरी स्पीड. एका वस्तूला उत्तर देऊन दुसरीसाठी मशीन किती लवकर मोकळे होते, तो वेग. हा मंद असेल तर खिळ्याजवळचे नाणे खिळ्याच्या आवाजात बुडते. पत्रकात याचा मोजता येईल असा आकडा नसतो, असला तरी दोन कंपन्यांचे आकडे जुळत नाहीत. त्यामुळे तो कानानेच तपासावा लागतो, नवव्या टप्प्यात कसे ते सांगतो. जुन्या वस्तीच्या जागा तुमच्या कागदावर असतील तर हे वैशिष्ट्य खोलीच्याही वर ठेवा. अशा जागी आधी डिटेक्टर फिरवून गेलेल्या लोकांच्या हातून सुटलेल्या वस्तू बहुतेक वेळा फार खोल नसतात, त्या लोखंडाच्या शेजारी लपलेल्या असतात.

७. खोलीच्या दाव्यांकडे शांतपणे बघा

कॉइलच्या आकाराच्या मानाने अंतर वाढले की छोट्या वस्तूचा संकेत साधारण अंतराच्या सहाव्या घाताने घसरतो. अंतर दुप्पट, संकेत सुमारे चौसष्ट पट क्षीण. म्हणून ताकद कितीही वाढवली तरी एका चांगल्या मशीनपेक्षा दुसऱ्याची खोली थोडीच वाढते. नाण्याएवढ्या वस्तूसाठी २० ते २५ सेंटीमीटर म्हणजे उत्तम. एखाद्या पत्रकात मीटरचे आकडे दिसले तर ते मोठ्या पेटीएवढ्या धातूसाठी आहेत किंवा खोटे आहेत.

हवेत नाणे धरून केलेल्या चाचणीचे व्हिडिओही असेच वाचा. हवेत लोहखनिज नसते, त्यामुळे तिथे जवळपास प्रत्येक मशीन शूर असते.

८. शरीर, पाणी आणि वीज

हॉबी मशीनचे वजन बहुतेक एक ते दीड किलो असते. पण वजनापेक्षा तोल महत्त्वाचा. कॉइलकडे झुकणारे हलके मशीन, तोल साधलेल्या जड मशीनपेक्षा मनगटाला जास्त छळते. हात कोपरापाशी टेकवून दहा मिनिटे सलग झोके द्या, मग ठरवा. दांडी तुमच्या उंचीला पुरते का, मुलांना वापरायची असेल तर पुरेशी आखूड होते का, हेही तेव्हाच बघा.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दापुढे नेहमी विचारा: कॉइल की अख्खे मशीन? व्हँक्विशची कॉइल पाण्यात जाते, वरची पेटी नाही. सिम्प्लेक्स प्लस आणि एटी प्रो सुमारे ३ मीटरपर्यंत पूर्ण बुडू शकतात, डिउस दोन २० मीटरपर्यंत. खाऱ्या पाण्यातून बाहेर आलात की गोड्या पाण्याने धुवा आणि चार्जिंगच्या जागेवरचे मीठ नक्की पुसा.

बॅटरी साध्या सेलवर असेल तर रानात अडत नाही. आतली लिथियम बॅटरी सोयीची, पण ती बदलून मिळते का ते विचारा. हेडफोन बिनतारी असेल तर आवाज उशिरा पोचत नाही ना हे तपासा. साध्या ब्लूटूथवर आवाज मागे पडतो, कॉइल पुढे गेलेली असते आणि तुम्ही भलतीकडे खणता.

९. हातात घेऊन तपासा

शक्य असेल तर विकत घेण्याआधी, नाहीतर परत करण्याची मुदत संपण्याआधी ही चाचणी करा. आधी अंगावरचे घड्याळ, कडे, पट्ट्याचे बक्कल दूर ठेवा, पोलादी टोकाचे बूट घालू नका. १८८१ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला असेच यंत्र वापरले आणि खालच्या गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी त्यात गोंधळ घातला. आजचे मशीनही आसपासच्या धातूला तसेच फसते.

लाकडी फळी घ्या, जिच्यात खिळे नाहीत. मध्ये एक नाणे ठेवा. त्याच्यापासून चार बोटांवर एक लोखंडी खिळा आडवा ठेवा. कॉइल फळीच्या वर वीतभर धरून एका दिशेने झोके द्या. मग फळीभोवती चौथाई वळा आणि पुन्हा द्या. असे चारही बाजूंनी. चांगल्या मशीनवर लोखंडाची जाड घरघर आणि तिच्यातून नाण्याचा स्वच्छ, छोटा सूर वेगळा ऐकू येतो, निदान दोन दिशांनी तरी. मग दुसरा आणि तिसरा खिळा जवळ सरकवा. नाण्याचा सूर ज्या टप्प्यावर तुटतो तो लिहून ठेवा. दोन मशीनची खरी तुलना तुमच्या हातात आली.

झोक्याचा वेगही बदलून बघा. काहींना सावकाश चालते, काहींना जोरात. शेवटी मशीन विजेच्या तारांजवळ न्या. ते बडबडू लागले तर फ्रिक्वेन्सी थोडी सरकवण्याची किंवा गोंगाट घालवण्याची सोय आहे का, आणि ती केल्यावर शांत होते का, ते बघा.

१०. खरेदीचे कागद आणि सोबतची साधने

नामांकित ब्रँडची बनावट मशीन बाजारात आहेत, दिसायला हुबेहूब. किंमत संशयास्पद कमी असेल तर थांबा. अनुक्रमांक कंपनीकडे पडताळून घ्या आणि कंपनीच्या यादीतला विक्रेता निवडा. जुने मशीन घेत असाल तर कॉइलची तार कनेक्टरपाशी हलवून आवाज तुटतो का ते ऐका.

कागद:
- अनुक्रमांक लिहिलेले बिल आणि वॉरंटी
- जागेच्या मालकाची लेखी परवानगी, तारखेसह
- ओळखपत्र
- जागेचा नकाशा आणि सापडलेल्या वस्तूंची नोंदवही

साधने:
- पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर
- मजबूत खुरपे, जाड हातमोजे
- दोन कप्प्यांची पिशवी, एक सापडलेल्या वस्तूंना आणि एक कचऱ्याला
- जादा सेल किंवा पॉवर बँक

बजेटमध्ये पिनपॉइंटर आधीच धरा. महाग मशीन आणि पिनपॉइंटर नाही, यापेक्षा एक पायरी खालचे मशीन आणि चांगला पिनपॉइंटर ही जोडी मी कधीही निवडीन. खड्डा लहान राहतो, वस्तूवर ओरखडा येत नाही.

परवानगीत कसूर करू नका. संरक्षित स्मारके आणि पुरातत्त्वीय जागा यांच्यावर डिटेक्टर नेणे अनेक देशांत गुन्हा आहे. जमिनीतून निघालेल्या जुन्या मौल्यवान वस्तूची माहिती सरकारला देणेही अनेक ठिकाणी बंधनकारक आहे. तुमच्या भागाचा कायदा मशीन घेण्याआधी वाचा, कारण त्याने तुमच्या कागदावरच्या काही जागा खोडल्या जाऊ शकतात आणि मग मशीनची निवडही बदलते. जुनी वस्तू सापडली तर घासू-पुसू नका, कुठे आणि किती खोल सापडली ते तिथेच टिपा. तोफगोळा किंवा बॉम्बसारखे काही दिसले तर हात न लावता मागे फिरा आणि पोलिसांना कळवा.

मशीन घरी आल्यावर पहिले काही दिवस एकच मोड आणि कारखान्यातली मांडणी ठेवा. संवेदनशीलता कमालीवर नेऊ नका, मशीन शांत राहील इतकीच ठेवा. प्रत्येक स्पष्ट आवाजावर खणा, आणि खणण्याआधी आकडा वहीत लिहून मग निघालेली वस्तू त्याच्यापुढे लिहा.